'गेट'चे त्रेचाळीस अर्थ पाठ करण्याआधी 'लागणे' आठवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमचं शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची, आणि आठवड्यातून दोनदा अमेरिकेतल्या ग्राहकाशी कॉल. वाचलेलं इंग्रजी समजतं, पण बोलण्यात 'गेट' (get) हे क्रियापद आलं की गाडी अडते. कोश उघडून तुम्ही 'गेट'चे ४३ अर्थ वहीत उतरवलेत, रोज पाच पाठ करायचं ठरवलंत, आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाच विसरलात. परवा कॉलवर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "यू गेट टू पिक द रिलीज डेट." तुम्हाला वाटलं, तारीख ठरवायची जबाबदारी तुमच्या गळ्यात मारतायत. तुम्ही घाईघाईने म्हणालात, सॉरी, ते माझ्या हातात नाही, तुम्हीच ठरवा. पलीकडे सगळे गप्प. नंतर तुमच्या साहेबांनी सांगितलं की त्या बाई तुम्हाला मान देत होत्या. आता तुम्ही विचारताय की हे ४३ अर्थ लक्षात ठेवायची युक्ती काय, आणि लिहिताना 'गेट' वापरावं की नाही.

पहिल्याचं उत्तर ऐकून तुमचा हिरमोड होईल. युक्ती नाही. मी सांगलीत बावीस वर्षं संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतेय. 'गेट'ची यादी पाठ करून ते बोलायला शिकलेला एकही विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. तुमची अडचण स्मरणशक्तीची नाही. तुम्ही अर्थ शब्दाच्या पोटात शोधताय आणि तो आहे शब्दाच्या शेजारी.

हे पटवायला मी वर्गात पहिल्या दिवशी इंग्रजी बाजूला ठेवते आणि फळ्यावर एकच मराठी शब्द लिहिते : लागणे. मग सगळ्यांना वाक्यं विचारते. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, झोप लागली, दार लागलं. एस्टीत बसल्यावर बस लागली, आणि स्टँडवर आली तेव्हाही बसच लागली! मिरजेहून कोल्हापूरला जाताना वाटेत जयसिंगपूर लागलं. फोन लागला. दोन तास लागले. पोराचं अभ्यासात मन लागेना. तो माझा मामा लागतो. भाजीला मीठ कमी लागतंय, तिकिटाला पैसे लागतात, सही करावी लागते, पाऊस पडू लागला. पाच मिनिटांत फळा भरतो. मग मी विचारते, यातले अर्थ कुणी कधी पाठ केले होते? सगळे हसतात. गावात नवीन आलेल्या बँकेतल्या एका तमिळ साहेबांना मी काही महिने मराठी शिकवलं. ते मात्र हसले नव्हते. "बस लागली" म्हणजे ती आली की तिच्यामुळे उलटी झाली, हे तुम्हाला कळतं कसं, असं त्यांनी मला अगदी रडकुंडीला येऊन विचारलं होतं. तुम्ही 'गेट'पाशी उभे आहात ना, तिथेच ते 'लागणे'पाशी उभे होते.

आपल्याला ते कळतं कारण आपण 'लागणे' कधी एकटं ऐकतच नाही. 'मला बस लागते' आणि 'बस फलाटाला लागली' यांत क्रियापद एकच आहे, पण एकात 'मला' आहे आणि दुसऱ्यात 'फलाटाला'. आपला कान शेजारी बघतो. 'गेट'चं तसंच करायचं. फरक इतकाच की मराठीत बरंचसं गुपित क्रियापदाच्या डाव्या हाताला असतं आणि इंग्रजीत उजव्या हाताला. 'गेट'नंतर काय येतंय ते बघा. वस्तू येतेय, गुण सांगणारा शब्द येतोय, जागा येतेय, की दुसरं क्रियापद? तुमचे ४३ अर्थ या चार-पाच खणांत जाऊन बसतात. आणि जवळपास सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते : आधी नव्हतं ते आता झालं, आधी तिथे नव्हतो तिथे आता आलो. 'गेट' म्हणजे स्थिती बदलणं. आधीपासून जे आहे त्याच्यासाठी 'बी' आणि 'हॅव' आहेत.

वस्तूचा खण सगळ्यात सोपा, म्हणून शाळेत तेवढाच शिकवतात. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळालं. 'आय गॉट अ जॉब', मला नोकरी लागली. 'आय गॉट अ फीवर', मला ताप आला. यात एक गंमत दडलेली आहे. तिन्ही मराठी वाक्यं 'मला'ने सुरू होतात आणि त्यांत कर्ता 'मी' नाहीच. पत्र मिळालं, नोकरी लागली, ताप आला. आपल्या भाषेत गोष्टी चालत आपल्याकडे येतात आणि आपण बसल्याजागी त्या झेलतो. इंग्रजीला असा बसलेला माणूस चालत नाही. तिला वाक्याच्या तोंडाशी 'आय' लागतो, आणि त्या 'आय'ने काहीच केलेलं नसलं तरी त्याला एखादं क्रियापद द्यावंच लागतं. ते बिनकामाचं काम 'गेट' करतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, मनात 'मला' असं वाक्य आलं आणि त्यात काहीतरी नवं घडलं असेल, तर आधी 'आय गेट' लावून बघा. मला राग आला, 'आय गॉट अँग्री'. मला भूक लागली, 'आय गॉट हंग्री'. मला समजलं, 'आय गॉट इट'. दहात सात वेळा जमतं. जे जमत नाही तेही सांगते : 'मला वाटलं' तिथे 'थॉट' किंवा 'फेल्ट', आणि 'मला मुलगी झाली' तिथे 'हॅड'. 'आय गॉट अ डॉटर' म्हणालात तर समोरच्याला मुलगी झाली याऐवजी मला मुलगी आहे असं ऐकू येईल, किंवा कुठून आणली असा प्रश्न पडेल.

दुसरा खण गुणवाचक शब्दांचा. इथे 'गेट' म्हणजे आपलं 'होणे'. अंधार झाला, 'इट गॉट डार्क'. उशीर होतोय, 'इट्स गेटिंग लेट'. पहिल्या आणि दुसऱ्या खणाच्या मध्ये फक्त एक 'अ' असतो, आणि तो गिळला की काय होतं ते एका पावसाळ्यात बघितलं. एक मुलगा तीन दिवस आला नव्हता. आल्यावर नाक ओढत म्हणाला, "मॅडम, आय गॉट कोल्ड." मी म्हटलं, मग स्वेटर घालायचास. त्याला सर्दी झाली होती. 'गॉट कोल्ड' म्हणजे थंडी वाजली, 'गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. चहाबद्दल बोलायचं तर 'द टी गॉट कोल्ड', चहा गार झाला. शब्द तेच दोन, पण उजवीकडे वस्तू आहे की गुण, यावर सगळं ठरलं. त्या मुलाच्या वहीत 'गेट'चे एकवीस अर्थ लिहिलेले होते, तुमच्यासारखेच ओळीने. 'अ'बद्दल त्यात काही नव्हतं.

या खणात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे 'होणे' दिसलं की सगळीकडे 'गेट' चालत नाही. तो डॉक्टर झाला हे 'ही बिकेम अ डॉक्टर', कारण डॉक्टर ही वस्तू आहे, गुण नाही. 'ही गॉट अ डॉक्टर' म्हटलं तर तो डॉक्टर घेऊन आला. मिरची लाल झाली यातही 'गेट' कानाला बोचतं, रंगांसाठी 'टर्न' बरं. दुसरा खड्डा 'आय ॲम मॅरिड' आणि 'आय गॉट मॅरिड' यांच्यातला. पहिलं स्थिती सांगतं, लग्न झालेलं आहे. दुसरं घटना सांगतं, लग्न झालं. 'आय ॲम मॅरिड लास्ट मे' हे वाक्य मी बायोडेटाच्या मुलाखतींच्या सरावात इतक्यांदा ऐकलंय की आता चष्मा न काढताच दुरुस्त करते.

तिसरा खण जागांचा, म्हणजे पोचण्याचा. 'हाउ डू आय गेट टू द स्टेशन?' यात नुसतं जाणं नाही, पोचणं आहे, आणि बऱ्याचदा थोडी खटपटही. 'आय वेन्ट होम ॲट टेन' म्हणजे दहाला घरी गेलो. 'आय गॉट होम ॲट टेन' म्हणजे दहाला पोचलो, निघालो कधी ते विचारू नका. 'होम'च्या आधी 'टू' नको, 'हिअर' आणि 'देअर'च्या आधीही नको. बाकी बहुतेक जागांच्या नावांआधी हवा.

वाहनांबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे आपण सगळेच अडखळतो. आपल्याकडे उतरणे एकच. झाडावरून उतरा, बसमधून उतरा, रिक्षातून उतरा. म्हणून आपण सरसकट 'गेट डाउन' म्हणतो आणि भारतात ते सगळ्यांना समजतंही. पण अमेरिकन माणसाला 'गेट डाउन फ्रॉम द बस' ऐकलं की आपण टपावर बसून आलो होतो असं चित्र दिसतं. शिडी, झाड, टेबल यांना 'डाउन' ठीक. ज्या वाहनात उठून उभं राहता येतं, चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, बोट, तिथे 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावं लागतं, म्हणजे मोटार, रिक्षा, टॅक्सी, तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट'. आणि ज्यावर टांग टाकून बसायचं, म्हणजे घोडा, सायकल, बुलेट, तिथे पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'. आपल्या वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर लटकत जाणाऱ्यांनी काय म्हणावं, हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला होता. मी त्याला म्हटलं, तू आधी सुखरूप उतर.

आता चौथा खण, जिथे तुमचा घोटाळा झाला. 'गेट'नंतर दुसरं क्रियापद येतं तेव्हा. इथे सावकाश जाऊ या, कारण इथेच मराठी सगळ्यात जास्त मदत करते आणि ती मदत कुणी घेत नाही.

'यू गेट टू पिक द डेट'. 'गेट टू' आणि पुढे क्रियापद. आपण मराठीत काय म्हणतो? बघायला मिळालं, खायला मिळालं, बोलायला मिळालं. 'आय गॉट टू सी द फायनल', मला फायनल बघायला मिळाली. तेच मिळणे, फक्त वस्तूच्या जागी कृती मिळतेय. तेव्हा त्या बाईंचं वाक्य शब्दाला शब्द मराठी होतं : तारीख तुम्हाला निवडायला मिळेल. यात संधी आहे, मान आहे, सक्ती अजिबात नाही.

मग तुम्हाला सक्ती ऐकू का आली? कारण दुसरं एक वाक्य याच्यासारखंच वाजतं. 'आय हॅव गॉट टू गो'. हे मिळणं नाही, हे लागणं. मला जावं लागतंय, मला गेलंच पाहिजे. बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो, पुष्कळदा तोही जातो, 'गॉट टू'चं 'गॉटा' होतं, आणि कानावर पडतं 'आय गॉटा गो'. तुमच्या डोक्यात 'गॉटा' म्हणजे सक्ती असं बसलेलं असणार, चित्रपट बघून सगळ्यांच्या बसतं, आणि 'गेट टू' ऐकल्यावर तेच उघडलं. ओळखायची खूण पक्की आहे. वर्तमानातलं 'गेट टू' कधीही सक्ती सांगत नाही. ते नेहमी मिळणं, नाहीतर पोचणं. शंका फक्त 'गॉट टू'ची. तिथे बोलणारा जुनी गोष्ट सांगतोय की आत्ताची घाई, ते बघायचं. 'व्हेन आय वॉज टेन आय गॉट टू मीट हिम', दहा वर्षांचा असताना भेटायला मिळालं. 'आय गॉटा मीट हिम टुमॉरो', उद्या भेटावंच लागेल. काळ कळला की गोंधळ संपतो.

बघा, 'हॅव गॉट टू'ला आपण 'लागणे' वापरलं. आणखी पुढे बघा. 'वी गॉट टॉकिंग', आम्ही बोलू लागलो. पुन्हा लागणे. 'आय गॉट हिम टू साइन', मी त्याला सही करायला लावली. लावणे, म्हणजे लागणेचंच प्रयोजक रूप. 'आय कुडन्ट गेट थ्रू', फोन लागला नाही. पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'लागणे' उगाच लिहीत नाही. दोन भाषांमध्ये हजारो मैलांचं अंतर असून या दोन क्रियापदांनी जवळजवळ तीच कामं अंगावर घेतलीयत. एक सावधगिरी : 'करायला लावली' यात आपल्याला जबरदस्तीचा वास येतो, 'गॉट हिम टू'मध्ये तेवढा नाही. तिथे विनवणी, गोडीगुलाबी, चहा पाजणं, काहीही चालतं. जबरदस्तीच सांगायची असेल तर 'मेड हिम साइन'. म्हणून 'आय गॉट माय फादर टू अग्री' याचं मराठी 'बाबांना तयार केलं' असं करावं, 'बाबांना कबूल करायला लावलं' नव्हे.

याच खणात क्रियापदाचं तिसरं रूप येतं तेव्हा दोन वेगळी वाक्यं तयार होतात. 'माय फोन गॉट स्टोलन', फोन चोरीला गेला. 'आय गॉट स्टक इन ट्रॅफिक', ट्रॅफिकमध्ये अडकलो. 'ही गॉट प्रमोटेड', त्याला बढती मिळाली. इथे 'वॉज'ही व्याकरणाने बरोबरच आहे, पण 'गॉट'मध्ये घटनेचा दणका असतो, चांगला किंवा वाईट, काहीतरी कुणावर तरी आदळलेलं असतं. म्हणून ताजमहालाबद्दल लिहिताना 'वॉज बिल्ट' म्हणा, 'गॉट बिल्ट' म्हटलं तर शाहजहानने तो कसाबसा उरकला असं वाटतं.

दुसरं वाक्य करवून घेण्याचं. मी लॅपटॉप दुरुस्त करून घेतला. आपले लोक इथे दोनपैकी एक चूक करतात. एकतर 'आय रिपेअर्ड माय लॅपटॉप' म्हणतात, म्हणजे स्वतः स्क्रू उघडले. नाहीतर 'आय गॉट रिपेअर्ड माय लॅपटॉप' म्हणतात, मराठीतलं 'दुरुस्त करून घेतला' हे तुकडे न मोडता उचलून. इंग्रजीत वस्तू मध्ये बसते : 'आय गॉट माय लॅपटॉप रिपेअर्ड'. हे मी डोक्यात बसवते ते न्हाव्याच्या दुकानावरून. 'गॉट माय हेअर कट' यात न्हावी आहे, 'कट माय हेअर' यात कात्री तुमच्या हातात आहे. वर्गातले पंचवीस जण एकदा स्वतःच स्वतःचे केस कापतात, पुढच्या आठवड्यात सगळे दुकानात जाऊन आलेले असतात.

एवढे खण झाल्यावर जे उरतं ते 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अवे विथ' या जातीचं. यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. बरेचसे तिसऱ्या खणाचेच विस्तार आहेत. आजारपण हा डोंगर धरला की 'गेट ओव्हर' म्हणजे त्याच्यावरून पलीकडे पोचणं. प्रत्येकाला चपखल मराठी शोधा, इंग्रजी अर्थ लिहू नका. 'गेट बाय' म्हणजे भागणे, पंधरा हजारात भागतं. 'गेट अवे विथ' म्हणजे पचणे, त्याला ती लबाडी पचली. 'गेट ॲट' म्हणजे रोख, तुमचा रोख कुठे आहे? 'गेट इव्हन' म्हणजे उट्टं काढणे. कोशातल्या चार ओळींपेक्षा 'पचणे' हा एक शब्द जास्त काळ टिकतो.

एक वाक्य मात्र आजपासून बंद करा. तुमच्या लिहिण्यात ते दोनदा आलंय : 'आय ॲम नॉट गेटिंग यू'. समजलं नाही तर 'आय डोन्ट गेट इट'. ऐकू आलं नाही तर 'आय डिडन्ट गेट दॅट'. इंग्रजीत समजणं ही हळूहळू चाललेली क्रिया नाही, दिवा लागल्यासारखं एकदम होतं, म्हणून तिथे चालू काळ नको. आणि शेवटी 'यू' लावून 'आय डोन्ट गेट यू' म्हणालात तर अर्थ वेगळाच होतो : तू माणूस म्हणून मला कळतच नाहीस. हे नवराबायकोत चालतं, ग्राहकाशी नको.

ऐकण्याबद्दल थोडं, कारण तुमची अडचण कॉलवरची आहे. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांच्या मधला 'ट' आपल्या 'ड'च्या जवळ सरकतो. 'गेट इट' म्हणजे 'गेडिट', 'गॉट अ' म्हणजे 'गाडअ'. तुम्ही 'गेट'ची वाट बघत बसता आणि तो कानावर न पडता निघून जातो. बोलताना उलट अडचण. देवनागरीत फाटक आणि हे क्रियापद दोन्ही 'गेट', आणि आपण दोन्ही सारखंच लांब म्हणतो. क्रियापदाचा ए आखूड ठेवा, जीभ लावल्या लावल्या सोडा.

तुम्ही 'गॉटन'चंही विचारलंय. अमेरिकेत ते शुद्ध आहे. उलट तेच जुनं रूप आहे, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही सापडतं. इंग्लंडने नंतर ते टाकलं, 'फरगॉटन'मध्ये मात्र राहू दिलं. अमेरिकन लोक दोन्ही ठेवून फरक करतात. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतलीय. 'हॅव गॉट' ही या सगळ्या हिशोबातली एकच बंडखोर जोडी, तिच्यात बदल नाही, नुसतं असणं आहे. तुम्ही दोन्ही ओळखा, बोलताना 'गॉट'वर थांबा.

आता लिहिण्याचं. शाळेत 'गेट' खोडून 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' लिहायला लावायचे, मलाही लावलं होतं. यामागे इतिहास आहे. 'गेट' हा शब्द इंग्रजीला स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांकडून मिळाला, त्यांचं 'गेता'. शेजारीपाजारी राहून, बाजारात बोलून तो आला. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अक्वायर' ही मंडळी १०६६ नंतर, इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून आली, दरबारी पोशाखात. म्हणजे आपल्याकडचं 'तुमचं पत्र मिळालं' आणि 'आपले पत्र प्राप्त झाले' यांच्यातलं अंतर. कुणाला लिहिताय त्यावर आहे. करारनामा, प्रबंध, व्हिसाचा अर्ज यांत 'प्राप्त' ठेवा. रोजच्या सहकाऱ्याला 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर मेल' असं दरवेळी लिहिलंत तर तो बिचारा खुर्चीत सावरून बसेल. 'गॉट युअर मेल, थँक्स' पुरे. तुमचा ग्राहक स्वतः कसं लिहितो ते बघा आणि त्याच्यापेक्षा अर्धी पायरी सभ्य राहा.

वहीचं काय करायचं? ती फाडू नका, उलटून घ्या. मागच्या बाजूने पाच पानांना मथळे द्या : वस्तू, गुण, जागा, क्रियापद, आणि शेवटचं किरकोळ. रोज कॉलमध्ये ऐकलेलं एक 'गेट', पूर्ण वाक्यासकट, त्या त्या पानावर लिहा. शेजारी मराठी लिहिताना 'मिळणे', 'होणे', 'पोचणे', 'लागणे', 'करून घेणे' यांपैकी एक बसतंय का बघा. महिन्याभरात 'वस्तू'चं आणि 'क्रियापदा'चं पान भरेल, 'किरकोळ' बऱ्यापैकी कोरं राहील. किती वेळ लागेल हे तुम्ही किती ऐकता यावर आहे. आठवड्याला दोन कॉल कमीच, त्यात जेवताना अर्ध्या तासाच्या अमेरिकन गप्पांची भर घाला. बातम्या नकोत, बातम्यांत 'गेट' फार कमी येतं. आणि जीव फार घाबरला तर आठवा की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एकाच क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत, आणि ती एक नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले. तुम्हाला कुणी कोश लिहायला सांगितलेला नाही.

राहिली ती तारीख. अजून ठरली नसेल तर आजच दोन ओळींचा मेल टाका : मी त्या दिवशी तुमचं वाक्य चुकीचं ऐकलं, तारीख निवडायला मिळतेय याचा आनंद आहे, अमुक तारीख चालेल का? अमेरिकन माणसाला 'आय मिसहर्ड यू' म्हणण्यात कमीपणा वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. फक्त शुक्रवार निवडू नका. माझा भाचा तुमच्याच धंद्यात आहे. शुक्रवारी रिलीज केलं की शनिवार-रविवारही ऑफिसात काढावा लागतो, असं तो म्हणतो. आणि तिथलं 'लागतो' हे 'हॅव गॉट टू'वालं आहे, 'गेट टू'वालं नाही.